ऑक्सिजन सेन्सरचा हीटर: सेन्सर बदलण्याआधी सर्किट तपासा

[दृश्य: एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवलेला सेन्सर, शेपटीला चार वायर]

गार इंजिन सुरू झालं की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर पहिली काही सेकंदं काहीच सांगत नाही. त्यातलं झिर्कोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय भरवशाचा सिग्नल देत नाही. नुसत्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर सोडलं तर वेळ लागतो, म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर असतो. सेन्सर तापेपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो.

हीटर मेला तरी गाडी चालते. पळत्या गाडीत एक्झॉस्टच सेन्सरला तापवतो, त्यामुळे चालवणाऱ्याला चेक इंजिनच्या दिव्यापलीकडे फारसं काही कळत नाही. नुकसान होतं ते गार स्टार्टला आणि गाडी बराच वेळ आयडलवर उभी असताना. पेट्रोल जास्त जातं, धुरातलं प्रदूषण वाढतं.

स्कॅनर लावल्यावर बहुतेक वेळा पी ०१३५ दिसतो. हा बँक १ च्या पुढच्या सेन्सरचा कोड. बँक १ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागच्या सेन्सरसाठी पी ०१४१ येतो, दुसऱ्या बँकेसाठी पी ०१५५ आणि पी ०१६१. हे सगळे कोड हीटरच्या सर्किटकडे बोट दाखवतात. सेन्सरच खराब आहे, असं त्यातला एकही म्हणत नाही. इथेच घाई होते आणि चांगला सेन्सर काढून फेकला जातो.

सर्किट साधं आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट रिले आणि फ्यूजमधून हीटरच्या एका टोकाला येतात. दुसरं टोक ईसीयूकडे जातं आणि ईसीयू ते भराभर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडतो-तोडतो. बहुतेक गाड्यांत रचना अशीच असते, तरी आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर हवाच.

सुरुवात फ्यूजपासून. हाच फ्यूज बऱ्याचदा इतर सेन्सरच्या हीटरना किंवा पर्ज व्हॉल्व्हलाही (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पुरवठा करतो. म्हणून दोन-तीन असे कोड एकदम आले, तर आधी फ्यूज पाहा. तो उडालेला असेल तर नवा घालून मोकळं होऊ नका. सेन्सरचा कनेक्टर काढा, मग त्याच अँपिअरचा फ्यूज बसवा आणि इग्निशन चालू करा. फ्यूज टिकला आणि कनेक्टर जोडताच उडाला, तर शॉर्ट सेन्सरमध्ये किंवा त्याच्या शेपटीत आहे. कनेक्टर काढलेला असतानाही उडाला, तर शॉर्ट हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) किंवा त्याच फ्यूजवरच्या इतर भागांत शोधा.

[दृश्य: क्लिप तुटलेली वायर, मॅनिफोल्डला टेकून वितळलेलं आवरण, आत उघडी तांब्याची तार]

हार्नेसमध्ये नेहमीची जागा ही. वायर धरून ठेवणारी क्लिप तुटते, वायर लोंबते, तापलेल्या नळीला टेकते आणि आवरण वितळतं.

आता रेझिस्टन्स. इंजिन पूर्ण गार हवं, कारण हीटर तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि आकडा फसवतो. चार वायरच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायर बहुधा हीटरच्या असतात. सेन्सरच्या बाजूने त्यांच्यामध्ये साधारण २ ते १५ ओहम मिळायला हवेत. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. मीटरने ओएल (मोजता न येण्याइतका जास्त रेझिस्टन्स) दाखवलं तर हीटर तुटलाय. शून्याजवळ आला तर आत शॉर्ट आहे, आणि त्याने ईसीयूचा ड्रायव्हरही (हीटरला अर्थ देणारा आतला स्विच) जाळला असू शकतो. हीटरच्या प्रत्येक पिनपासून सेन्सरच्या धातूच्या अंगापर्यंत कंटिन्युइटी (अखंड जोडणी) मुळीच नको.

हीटर चांगला निघाला, तर खरी तपासणी आता सुरू होते. इग्निशन चालू करून हार्नेसच्या पुरवठा पिनवर मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, म्हणून समाधान मानू नका. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या पिनमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हिशेब करून पाहा. ६ ओहमच्या हीटरला १२ व्होल्ट मिळाले की २ अँपिअर वाहतात, म्हणजे २४ वॅट. वाटेत गंजामुळे ३ ओहम वाढले, तर करंट १.३३ अँपिअरवर येतो आणि हीटरला जेमतेम १०.७ वॅट मिळतात. कोड येणारच.

म्हणून लोड द्या. पुरवठा पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. तो लख्ख पेटायला हवा आणि पेटलेला असताना पिनवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडायला नको. बल्ब मंद असेल तर कनेक्टर उघडून पाहा: पिनवर हिरवट थर, किंवा पकड सैल झालेली फिमेल पिन. काही गाड्यांत हा रिले इंजिन चालू असतानाच ओढतो, तेव्हा १२ व्होल्ट नाहीत म्हणून लगेच वायर कापत बसू नका.

ईसीयूच्या बाजूसाठी ५ वॅटचा बल्ब पुरे. तो हार्नेसच्या दोन हीटर पिनांमध्ये लावा, कोड पुसा आणि इंजिन सुरू करा. कोड पुसणं महत्त्वाचं, कारण दोष नोंदलेला असताना बरेच ईसीयू ड्रायव्हर बंदच ठेवतात. बल्ब लुकलुकला किंवा मंद पेटला तर ड्रायव्हर काम करतोय. तो लगेच नाही पेटला तरी थांबा. गार नळीत पाणी साठलेलं असतं. तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं, म्हणून ईसीयू काही वेळा मुद्दाम उशीर करतो. शेवटपर्यंत नाहीच पेटला, तर ईसीयूला दोष देण्याआधी तिथपर्यंतच्या कंट्रोल वायरची कंटिन्युइटी आणि ईसीयूचे अर्थ तपासा.

[दृश्य: खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट]

सेन्सर बदलायचाच असेल तर इंजिन कोमट असताना सैल करा. नव्याच्या आट्यांवर त्या जाम होऊ नयेत म्हणून बहुधा पेस्ट लावलेली येते. टोकाला ती लागू देऊ नका. वायर जोडायची वेळ आली तर सोल्डर नको, क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा). बरेच सेन्सर संदर्भाची हवा (तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा) वायरच्या आतूनच घेतात, आणि सोल्डरने ती वाट बुजते. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा क्लीनरही नको.

काम झाल्यावर कोड पुसून लगेच गाडी परत देऊ नका. हीटरची चाचणी बहुतेक ईसीयू गार स्टार्टनंतरच घेतात. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू करा आणि स्कॅनरवर हीटर मॉनिटर पूर्ण झालेला दिसतो का, ते पाहा.