माशासाठी माशी

(दृश्य : खिडकीच्या काचेवर बर्फ. आत टेबलावर दिवा, दिव्याखाली दोन हात.)

डिसेंबर. स्कॉटलंडमधलं पर्थशर. दुपारी साडेतीनलाच दिवे लागलेत. बाहेर टे नदी फुगून वाहतेय, पण सामन मासा धरायला सध्या मनाई आहे. १५ जानेवारीला नदी खुली होईल. तोवर गळवाल्यांचं सगळं काम या असल्या टेबलांवर.

हे आजोबा म्हणाले, चेहरा दाखवू नका, हात चालतील. तेव्हा हातच बघा.

(दृश्य : व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, पकडलेला गळ. दोऱ्यावरून मेण फिरतं.)

हा गळ जुन्या पद्धतीचा. याला दोरी ओवायला भोक नाही. रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या तंतूचा फास दोऱ्याने आवळून बसवायचा, तेच याचं भोक. आता यावर बांधली जाईल एक माशी, म्हणजे माशाला भुलवणारं पिसांचं आणि दोऱ्यांचं आमिष. इथे तिला फ्लाय म्हणतात. पण मराठीत मासा आणि माशी इतके शेजारी राहतात, की आम्ही माशीच म्हणणार.

या माशीचं नाव जॉक स्कॉट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या माणसाने ती पहिल्यांदा बांधली, त्याचंच नाव. शेपटाकडे चांदीची जर. मग अर्ध्या अंगाला पिवळं रेशीम, अर्ध्याला काळं, आणि दोन्हींच्या मध्ये शहामृगाच्या काळ्या पिसाचा गोंडा. पैठणीचा काठ विणताना पाहिला असेल, तर हा जरीचा वेढा ओळखीचा वाटेल. एक वेढा दुसऱ्यावर चढला की आजोबा सगळं उसवतात. आमच्यासमोर तीनदा उसवलं. एकदाही पुटपुटले नाहीत.

(दृश्य : अगदी जवळून, पिसाचे तंतू.)

आता पंख. पिवळा, तांबडा, निळा असे रंगवलेले हंसाच्या पिसाचे तंतू, त्यांना लागून माळढोकाच्या एका जातभाईच्या पिसाचे, मग सोनेरी फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे. प्रत्येक तंतूला डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. दोन पक्ष्यांचे तंतू शेजारी ठेवून बोटाने हलकं कुरवाळलं, की ते एकमेकांत अडकतात आणि एकसंध पट्टी तयार होते. कारागिरांच्या बोलीत याला पिसांचं लग्न लावणं म्हणतात. मुहूर्त नाही, पण श्वास रोखून धरावा लागतो. जुन्या कृतींत ‘इंडियन क्रो’ नावाचं लाल पीसही येतं. तो पक्षी ना भारतातला, ना कावळा. तो दक्षिण अमेरिकेतला. आजोबा त्याच्या जागी कोंबडीचं रंगवलेलं पीस लावतात.

(दृश्य : चिमट्यात एक पीस. काळं-करडं, टोकाशी पिवळसर, चकाकणारा ठिपका.)

इथे थांबू. या पिसासाठीच आम्ही इथवर आलो.

हा ठिपका रंगवलेला नाही. पिसाचा कणाच टोकाशी चपटा होऊन मेणासारखा चकाकतो. माशीच्या दोन्ही बाजूंना एकेक पीस बसलं, की तिला डोळे फुटतात. इथे याला ‘जंगल कॉक’ म्हणतात. आणि हे जंगल आपलं आहे.

(दृश्य : सह्याद्री, पहाट. कोंबड्याची बांग.)

राखी रानकोंबडा. शास्त्रीय नाव गॅलस सोनेराती. भीमाशंकरला, कोयनेला, माथेरानच्या उतारांवर पहाटे ही बांग ऐकू येते : कुक्-काया-काया-कुक. गावकोंबड्यासारखी लांबवलेली नाही, तुटक. ठिपक्यांची पिसं फक्त नराच्या मानेवर. विणीनंतर, पावसाळ्यात, ती झडतात आणि काही महिने मान साधी काळी राहते. हा आमच्या कॅमेऱ्यात आला तो फेब्रुवारीत, पूर्ण थाटात.

व्हिक्टोरियन काळात ही मान बोटीने विलायतेला जायची. १८९५ साली जॉर्ज केल्सनने सामनच्या माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातल्या कृतींत हे पीस पानोपानी भेटतं. १९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची पिसं परदेशी पाठवायला बंदी घातली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आजोबांचं पीस ब्रिटनमध्येच पैदास केलेल्या कोंबड्याचं आहे. पिसांच्या हावेपोटी २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, तेही याच छंदातून.

(दृश्य : पुन्हा टेबल. शेवटची गाठ. काळं लाखेसारखं डोकं.)

सकाळी सुरू केलेली माशी रात्री व्हाइसमधून सुटते. गंमत अशी, की नदीत शिरलेला सामन काही खातच नाही. मग गळाला तोंड का लावतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं सवयीने. पिसांची लग्नं त्याच्यासाठी लावलेली नाहीत, एवढं मात्र दिसतं.

(दृश्य : पितळी नळ्या, हरणाच्या शेपटीचे रंगवलेले केस.)

प्रत्यक्ष हंगामाची तयारी या डब्यात आहे. थंड, चढ्या पाण्यात माशी खोल बुडायला हवी, म्हणून जड पितळी नळी. तिच्यावर काळे, नारिंगी, पिवळे केस. नाव विली गन. एका तासात चार होतात.

२०२३ मध्ये ब्रिटनमधला सामन धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सामन परत सोडावा लागतो.

(दृश्य : १५ जानेवारी. टे नदीचा काठ. बॅगपाइप वाजतायत.)

होडीच्या नाळेवर व्हिस्की ओततात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ, इथे हे. आजोबा गमबूट चढवून गुडघाभर पाण्यात उतरलेत. दोरीच्या टोकाला विली गन आहे.

जॉक स्कॉट घरी, काचेच्या चौकटीत.

(दृश्य : दोरी हवेत उलगडते. पाणी.)