फावडं, भोपळे आणि हत्ती

[दृश्य: पहाटेचं धुकं. ट्रकचा फाळका उघडतो. माणसांची रांग, हातोहात पुढे जाणारी टरबुजं.]

थायलंडच्या उत्तरेला चियांग माई शहर. तिथून गाडीने तास-दीड तासावर मे तेंग नदीचं खोरं. डोंगर अजून धुक्यात आहेत. रांगेतले हे स्वयंसेवक जगाच्या कानाकोपऱ्यातून इथल्या हत्तींच्या अभयारण्यात आले आहेत ते हत्तींसाठी. पण सकाळपासून त्यांच्या हाती लागली आहेत फक्त टरबुजं, तीही ट्रकभर. एखादं निसटून फुटतं, कुणीतरी हसतं, रांग थांबत नाही. टरबुजं संपली की भोपळे उतरवायचे आहेत. मग केळ्यांचे घड.

प्रौढ आशियाई हत्ती दिवसाला साधारण १५० किलो चारा खातो. खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमी पचतं. उरलेलं बाहेर पडतं, आणि ते कुणीतरी उचलावंच लागतं. स्वयंसेवकांच्या दिवसाचं वेळापत्रक या दोन गोष्टींवर बेतलेलं असतं. सकाळी चारा, दुपारी लीद, किंवा उलट. इथे यायचं ठरवताना मनात जे चित्र रंगवलेलं असतं, त्यात फावडं बहुधा नसतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. पाण्याच्या टाकीत तरंगणारी फळं. हाताने वळले जाणारे गोळे.]

फळं आधी धुवायची, कारण शेतातली फवारणी सालीवर राहते. मग वाटण्या. प्रत्येक हत्तीची पाटी वेगळी. कुणाला टरबूज सालीसकट चालतं, कुणाचा भोपळा सोलून, उकडून द्यावा लागतो.

याचं कारण दातांत आहे. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात. पुढचा झिजला की मागचा सरकत पुढे येतो. सहावा झिजला की मागे काही शिल्लक नसतं. रानातल्या म्हाताऱ्या हत्तीचा शेवट पुष्कळदा असाच होतो: चारा समोर, पण चावता येत नाही. इथे अशा म्हाताऱ्या हत्तिणींसाठी चिकट तांदळाचा भात, पिकलेली केळी आणि चिंच एकत्र मळून गोळे वळतात. काम कंटाळवाणं आहे, हात कोपरापर्यंत चिकट होतात. पण आठवडाभरात स्वयंसेवक जे काही करतो, त्यात हत्तीच्या खरोखर पोटात जाणारी गोष्ट हीच.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. लाकडाचे ओंडके ओढणारे हत्ती.]

हे हत्ती इथे आले कसे? नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये मोठा पूर आला. जंगल तोडून उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके खालच्या गावांवर कोसळले, शेकडो माणसं गेली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातली व्यापारी लाकूडतोड बंद केली. जंगलासाठी निर्णय योग्यच होता. पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. हत्तीला सोडून द्यायचं म्हटलं तरी सोडणार कुठे? आणि ठेवायचं तर रोजचे १५० किलो आणायचे कुठून?

काही हत्ती सीमेजवळ चोरट्या लाकूडतोडीत गेले. १९९९ मध्ये मोटाला नावाच्या हत्तिणीचा पाय म्यानमारच्या सीमेवर भूसुरुंगावर पडला. उत्तर थायलंडमधल्या लांपांगच्या हत्ती रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले आणि पुढे २००९ मध्ये तिला कृत्रिम पाय बसवला गेला. काही हत्ती बँकॉकच्या रस्त्यांवर आले, रात्रीच्या रहदारीत पर्यटकांपुढे सोंड पसरायला. आणि पुष्कळसे पर्यटनात शिरले: पाठीवर लाकडी बाक, बाकावर माणसं.

कायद्याचंही एक कोडं आहे. रानातल्या हत्तीला थायलंडमध्ये वन्यजीव म्हणून संरक्षण आहे. पाळीव हत्ती मात्र १९३९ च्या कायद्यानुसार ओझ्याचं जनावर: बैल, म्हैस, घोडा, गाढव यांच्या पंक्तीतला. त्याची नोंदणी होते, मालकी असते, खरेदी-विक्री होते. त्यामुळे अभयारण्य चालवणाऱ्याला हत्ती वाचवायचा म्हणजे बहुतेक वेळा तो रोख पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. त्या पैशातून जुना मालक दुसरा हत्ती आणणार नाही ना, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. त्याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही.

[दृश्य: नदीकाठी चरणारा कळप. दुरून.]

या खोऱ्यातलं एलिफंट नेचर पार्क सेंगदुआन चायलर्ट यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलं. सगळे त्यांना लेक म्हणतात. डोंगरातल्या एका छोट्या गावात, गावच्या वैदूच्या घरात त्या वाढल्या. त्यांच्याकडे आलेल्या हत्तिणींपैकी जोकियाची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ओंडका ओढत चढ चढताना ती व्याली आणि पिल्लू गेलं. त्यानंतर तिने काम करायला नकार दिला. तिला वठणीवर आणण्याच्या नादात तिचे दोन्ही डोळे गेले. ती इथे आली तेव्हा मे पर्म नावाची दुसरी हत्तीण तिच्याजवळ गेली, तिला सोंडेने चाचपलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिचे डोळे होऊन राहिली. २०१६ मध्ये मे पर्म वारली. ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी त्यात माणसाने केलेलं चांगलं काम एवढंच दिसतं की दोघींना एकत्र राहायला जागा दिली आणि मध्ये कुणी पडलं नाही.

ही मध्ये न पडण्याची कला फार थोड्या ठिकाणी साधते. पर्यटकांना हत्तीच्या पाठीवर बसवणारे तळ आता निदान ओळखता येतात. हत्तीच्या पाठीचा कणा वरच्या बाजूला उंच हाडांनी उभारलेला असतो, वरून दाबणाऱ्या ओझ्यासाठी तो बनलेला नाही. २०२३ मध्ये पाय लिन या म्हाताऱ्या हत्तिणीचं छायाचित्र जगभर फिरलं. पंचवीस वर्षं पर्यटक वाहून तिचा कणा खाली बसला होता. तो फोटो पाहिलेला माणूस सहसा बाकावर बसत नाही.

पण मग त्याच माणसाला हत्तीला अंघोळ घालायची असते. हत्तीला चिखल फासायचा, बादलीने पाणी ओतायचं, ओल्या अंगाने फोटो काढायचे. पाटीवर 'अभयारण्य' लिहिलेलं असतं, स्वारी नाही असंही लिहिलेलं असतं. हत्ती मात्र दिवसातून पाच-सहा वेळा, तहान असो-नसो, ठरलेल्या वेळी पाण्यात उतरतो. इतका आज्ञाधारक हत्ती आपोआप होत नाही. पिल्लाला आईपासून तोडून, अरुंद लाकडी चौकटीत बांधून, उपाशी ठेवून, मारून त्याचा विरोध मोडायची जुनी पद्धत आहे. तिला पाजान म्हणतात. खोगीर काढलं म्हणून ते शिक्षण पुसलं जात नाही.

आणि हत्ती हत्तीच असतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण थायलंडमधल्या को याओ याई बेटावर हत्तिणीला अंघोळ घालताना एका २२ वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थिनीचा त्या हत्तिणीच्या धक्क्याने मृत्यू झाला.

[दृश्य: माहूत सावलीत बसलेला, नजर हत्तिणीवर.]

कॅमेऱ्याला एक माणूस सहसा दिसत नाही: माहूत. या भागात तो बहुधा कॅरेन या डोंगरी समाजातला असतो, कधी म्यानमारच्या सीमेपलीकडून आलेला. हत्तीण कुठल्या झाडाला अंग घासते, कशाला बिचकते, कान कसे हलले की बाजूला व्हायचं, हे त्याला ठाऊक असतं. स्वयंसेवक सात दिवसांनी जातो. माहूत राहतो, आणि हत्तीचं आयुष्य सुखाचं की दुःखाचं हे त्याच्यावर ठरतं. त्याला पुरेसा पगार नसेल, तर तिथल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी शोभेच्या आहेत. पाहुणे हा प्रश्न क्वचितच विचारतात. विचारायला हवा.

स्वयंसेवकाच्या श्रमाचं मोल फार धरू नये. रांगेतली सवय नसलेली दहा माणसं जेवढी टरबुजं उतरवतात, तेवढी तिथली तीन माणसं आरामात उतरवतील. आठवड्याला दहा हजारांहून अधिक बाथ (थाई चलन) देऊन माणसं लीद उचलतात यावर हसू येतं खरं, पण व्यवहार सरळ आहे: चाऱ्याचे, औषधांचे, पगाराचे पैसे त्यातूनच येतात. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक थांबले तेव्हा हे उघडं पडलं. तळ बंद झाले आणि उत्तरेकडच्या डोंगरांतून शंभराहून जास्त हत्ती माहुतांबरोबर पायी आपापल्या गावांकडे निघाले. काहींना तिथे मोकळं रान मिळालं. पैसा मात्र कुणालाच मिळत नव्हता.

[दृश्य: पुराची चित्रं. छातीभर पाण्यातून चालणारे हत्ती.]

ऑक्टोबर २०२४ मध्ये मे तेंगला पूर आला. एलिफंट नेचर पार्कमधले शंभराच्या वर हत्ती उंचावर हलवायचे होते, अंधारात, ओढीच्या पाण्यातून. दोन हत्ती वाचले नाहीत. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला माणसं लागली, तेव्हा मात्र परदेशी हातांचा खरा उपयोग झाला.

जायचं असेल तर नोंदणीआधी संस्थेला चार प्रश्न लिहून पाठवा. पाहुणे हत्तींना हात लावतात का? रात्री हत्ती साखळीला असतात की मोकळे? इथे पिल्लं जन्माला घातली जातात का, आणि का? माहुतांना पगार कोण देतं? विनामोबदला कामालाही थायलंडमध्ये परवाना लागू शकतो, तेव्हा व्हिसाचंही याच पत्रात विचारून घ्या. उत्तरात अंघोळीचे फोटो आले, तर दुसरी जागा शोधा.