रिसीव्हर बदलायच्या आधी

नमस्कार मंडळी. ऐरोली, घणसोली, नेरुळ, आणि काहीजण तर खाडी ओलांडून ठाण्याहून आलेत, बरं वाटलं. थेट विषयालाच हात घालतो. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, दादा होम थिएटर घेतलं पण आवाज पुरत नाही, आता जास्त वॅटचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना पॉवर देणारं मशीन, कुठला घेऊ? आणि माझं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं की थांबा, आत्ता पैसे घालवू नका, आवाज तुमच्या घरात आहे, तो मध्येच कुठेतरी अडकलाय.

वॅटचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप, आणि पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. आणि आपल्या कानाला "हां, आता दुप्पट मोठा झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट पाहिजे. तुम्ही ८० वॅटचा रिसीव्हर विकून १६० वॅटचा आणलात तर मिळाले ३ डेसिबल, बऱ्याच रिसीव्हरवर एक क्लिक अर्ध्या डेसिबलची असते, म्हणजे रिमोटच्या सहा क्लिक झाल्या, त्याच्यासाठी एवढा खर्च! त्यात बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा एकच चॅनल, म्हणजे एकच स्पीकर, चालू ठेवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध), १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज बिघडलेला असताना, मोजलेला असतो. स्पेसिफिकेशनमध्ये "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल" अशी ओळ शोधा, खरा आकडा तो.

आता स्पीकरकडे या. मागे किंवा मॅन्युअलमध्ये सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, ८५, ८८, ९१ डेसिबल अशी, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती आवाज येतो ते. ८५ आणि ९१ मध्ये ६ डेसिबलचा फरक आहे, म्हणजे ९१ वाला स्पीकर पाव पॉवरमध्ये तेवढाच आवाज देतो. दुकानात कुणी हा आकडा विचारतच नाही, सगळे वॅट विचारतात, आणि स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सहन करेल एवढंच, किती मोठा वाजेल हे नाही. छोटे नाजूक शोभेचे सॅटेलाइट स्पीकर मोठ्या हॉलमध्ये लावले तर कुठलाही रिसीव्हर आणा, जीव काढूनही ते वाजणार नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. खर्च करायचाच असेल तर स्पीकरवर करा.

अंतराचं पण असंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, खोलीत भिंतींमुळे थोडे कमी जातात पण जातातच, त्यामुळे सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला तरी फरक कळतो.

आता सेटिंग, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फुकटचा आवाज इथेच आहे. पहिलं म्हणजे डिस्प्लेवर उणे २५ वगैरे दिसतं आणि लोक घाबरतात. त्या मोजपट्टीवरचं शून्य म्हणजे थिएटरची रेफरन्स लेव्हल, सिनेमागृहासाठी ठरलेली आवाजाची पातळी, माइक लावून कॅलिब्रेशन, म्हणजे स्पीकरची पातळी जुळवणी, केलं असेल तर शून्यावर प्रत्येक मेन स्पीकर १०५ डेसिबलच्या पीकपर्यंत जायला हवा, एवढं घरात कुणी ऐकत नाही, म्हणून उणे २० किंवा उणे १५ वर नेणं म्हणजे मशीनवर अत्याचार नाहीये. मेन्यूत मॅक्सिमम व्हॉल्यूमची लिमिट लावलीये का बघा, लहान मुलांसाठी कुणीतरी लावतं आणि विसरतं. सेट टॉप बॉक्सचा स्वतःचा व्हॉल्यूम फुल ठेवा, तो अर्ध्यावर असेल तर बऱ्याच बॉक्समधून रिसीव्हरला सिग्नलच कमी जातो. टीव्हीच्या मेन्यूत ऑडिओ आउटपुट "पीसीएम" या पर्यायावर असेल तर एआरसीमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीतून, नुसता दोन स्पीकरचा स्टिरिओ येतो आणि सेंटर स्पीकर, म्हणजे डायलॉगचा मधला स्पीकर, गप्प बसू शकतो. वायरची लाल-काळी टोकं एका बाजूला उलटी लागली असतील तर दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात, आवाज पातळ होतो, आणि माणूस म्हणतो रिसीव्हरमध्ये दम नाही.

सबवूफर, म्हणजे बेसचा वेगळा स्पीकर, असेल तर मेन्यूत सगळे स्पीकर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवा. मोठे टॉवर असले तरी. कारण बेसलाच सगळ्यात जास्त पॉवर लागते, ते काम सबच्या स्वतःच्या अँपवर, म्हणजे त्याच्या आतल्या पॉवर देणाऱ्या भागावर, ढकललं की रिसीव्हर मोकळा होतो.

बऱ्याच जणांची खरी तक्रार आवाज कमी असल्याची नसतेच, डायलॉग ऐकू येत नाही ही असते, व्हॉल्यूम वाढवला की हाणामारीत घर हादरतं आणि आई आतून ओरडते. सिनेमाच्या ट्रॅकमध्ये मोठ्या प्रसंगांसाठी वर जागा ठेवलेली असते, नेटफ्लिक्स तर डायलॉगची सरासरी डिजिटल ट्रॅकच्या कमाल पातळीच्या खाली, उणे २७ डेसिबलच्या आसपास मागतं, म्हणून गाण्याच्या मानाने सिनेमा हळू वाटतो. सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा, तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल ढकललेला असतो तो कडेपर्यंत पुढे आणा, कानाच्या दिशेला थोडा तिरका करा. रात्री नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन लावा, हळू आवाज वर येतो आणि मोठा खाली दबतो. रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेस स्लॅबमधून खालच्या घरात जातो, हे आपल्या सोसायट्यांमध्ये विसरून चालत नाही.

खिडक्या पण! ठाणे-बेलापूर रोडला लागून फ्लॅट असेल तर स्लायडिंग बंद करा, पंखा एक पॉइंट कमी करा, बाहेरचा गोंगाट कमी झाला की तेवढाच व्हॉल्यूम आपोआप मोठा वाटतो.

एवढं करूनही कमी पडत असेल, आवाज वाढवल्यावर फाटायला, कर्कश व्हायला लागला, तर ते क्लिपिंग आहे, म्हणजे रिसीव्हर त्याच्या ताकदीबाहेर गेलाय, लगेच खाली आणा, क्लिपिंगमध्ये ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो. अशा वेळी रिसीव्हरला प्री-आउट, म्हणजे बाहेरचा अँप जोडायच्या पिना, असतील तर पुढच्या तीन स्पीकरना वेगळा पॉवर अँप लावणं हा माझ्या मते नवा रिसीव्हर घेण्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

मागून ताईंनी विचारलंय, मेन्यूत ४ ओहमचं ऑप्शन आहे, ते केलं तर आवाज वाढेल का? नाही हो ताई, उलट होतं, बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्याने आतलं व्होल्टेज कमी होतं म्हणजे मशीन तापू नये, आणि पॉवर घटते. तुमचे स्पीकर ८ ओहमचे असतील आणि कुणी ते ४ वर ठेवलं असेल तर आज घरी जाऊन परत ८ करा.