फुलदाणी घेताना

नमस्कार श्रोतेहो. मार्केट यार्डातून निशिगंधाची जुडी हौसेनं आणली जाते, आणि मग ती ठेवायची कशात, याची शोधाशोध सुरू होते. म्हणून सांगावंसं वाटतं, की घरात वर्षभर कोणती फुलं येतात ते आधी पाहा आणि त्यांच्या दांड्यांच्या मापानं फुलदाणी घ्या. रंग आणि नक्षी नंतर.

सगळ्यांत आधी तोंड बघावं. निशिगंधाच्या दहा-बारा काड्यांना 6 ते 7 सेंटीमीटरचं तोंड पुरतं. त्याहून रुंद असलं की काड्या चहूकडे कलंडतात आणि मध्ये भगदाड पडतं. फार अरुंद असलं तर देठ दाटीत चेपतात, पाणी वर चढत नाही. गुलाबाच्या एकदोन फुलांना मात्र 2-3 सेंटीमीटरचं तोंडच शोभतं. घरातली फुलदाणी रुंद तोंडाची असेल, तर कोरड्या काठावर पारदर्शक चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावा आणि त्या चौकोनांतून एकेक काडी सोडा.

उंचीचा हिशेब सोपा आहे: दांडी फुलदाणीच्या दुप्पट ते अडीचपट. 70 सेंटीमीटरच्या निशिगंधाला 30 सेंटीमीटरची फुलदाणी, आणि तीही जड बुडाची, कारण कळ्यांचं सगळं वजन शेंड्याकडे असतं. बूड हलकं असेल तर तळाशी धुतलेले गोटे घाला.

जरबेराचं तंत्र वेगळं. त्याची दांडी मऊ आणि लवदार, खोल पाण्यात लवकर कुजते. पाणी 5 ते 7 सेंटीमीटरच ठेवा. मान वाकू नये म्हणून उंच, सरळ काचेची नळकांडी घ्या.

तांबट आळीतलं पितळी भांडं फुलांना फार खुलवतं. पण पाण्यात लिंबू किंवा फुलं टिकवायची पावडर घालणार असाल, तर आत काचेचा पेला ठेवा. आम्लानं धातू खराब होतो. कुंभारवाड्यातल्या बिनचकाकीच्या मातीच्या भांड्यालाही पेला हवाच. ते पाझरतं आणि लाकडी टेबलावर डाग पडतो.

शक्यतो हात आत जाईल अशीच फुलदाणी घ्या. आतल्या बुळबुळीत थरातले जंतू नव्या फुलांच्या देठात शिरतात आणि पाण्याची वाट बुजवतात. तोंड अरुंद असेल तर मूठभर तांदूळ, कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून खळखळून धुवा. पाणी एक दिवसाआड बदला, तेव्हा देठ 2 सेंटीमीटर तिरके कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. आणि आंब्याच्या दिवसांत फुलदाणी पेटीजवळ ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं गुलाब, कार्नेशन वेळेआधीच मलूल होतात.