नवी सायकल घेतलीत? पहिल्या फेरीआधी एवढं हाताने तपासा

[समोर नवी सायकल उभी, शेजारी पाने आणि ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ल्या]

नमस्कार. ही सायकल नुकतीच खोक्यातून बाहेर आली आहे. पॅडल जोडलीत, हँडल सरळ दिसतंय, टायर कोरे करकरीत. बसावं आणि निघावं असं कुणालाही वाटेल. मी तुम्हाला आधी थोडा वेळ थांबवणार आहे, आणि त्याला कारण आहे.

सायकल कारखान्यातून सहसा पूर्ण जोडून येत नाही. खोक्यात मावावी म्हणून पुढचं चाक, हँडल, सीट आणि पॅडल सुटी ठेवतात. शेवटची जोडणी दुकानात होते, नाहीतर तुमच्या घरी. म्हणजे ज्या जोडांवर तुमचा तोल आणि तुमचे दात अवलंबून आहेत, नेमके तेच जोड सगळ्यात शेवटी आवळले जातात, आणि बरेचदा घाईत. त्यात नव्या सायकलचे भाग पहिले काही आठवडे बसत असतात. केबलचं बाहेरचं आवरण दबतं, आरे थोडे सैलावतात, बोल्ट ढिले पडतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नीट राखलेल्या जुन्या सायकलपेक्षा कोरी सायकल जास्त बारकाईने तपासावी.

क्रम एकच लक्षात ठेवा. जे निसटलं तर तुम्ही तोंडावर आपटाल, ते आधी. ज्याने गुडघे दुखतील, ते नंतर. ज्याने नुसती कटकट होईल, ते सगळ्यात शेवटी.

[कॅमेरा पुढच्या चाकाच्या मधोमध]

तर सुरुवात पुढच्या चाकापासून. मागचं चाक निसटलं तर सायकल बहुधा फरफटत थांबते. पुढचं निसटलं तर चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, रस्त्यात रुततो आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता. काही सायकलींना इथे साधे नट असतात, काहींना ही दांडी असते, जिला क्विक रिलीज म्हणतात. हिच्या बाबतीत एक गैरसमज फार दिसतो. लोक ही दांडी स्क्रूसारखी गोल गोल फिरवून आवळतात. अशी आवळलेली दांडी घट्ट वाटते, पण चाक धरून ठेवत नाही. दांडीच्या मुळाशी एक कॅम, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेली चकती, आहे. दांडी दुमडून मिटली की तो कॅम दाब देतो, आणि चाक त्या दाबावर टिकतं.

आता नीट बघा. सायकल जमिनीवर उभी, म्हणजे ॲक्सल, चाकाचा मधला आस, चिमट्याच्या खाचेत पूर्ण वर बसतो. दांडी उघडी. पलीकडचा नट बोटांनी थोडा थोडा फिरवा आणि दांडी मिटून बघत राहा. दांडी ॲक्सलच्या सरळ रेषेत, म्हणजे अर्ध्या वाटेवर आली की जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. पुढची अर्धी वाट तळहाताने दाबून. मिटल्यावर तळहातावर दांडीचा वण उमटला तर दाब बरोबर. सहज मिटली तर परत उघडा, नट थोडा आवळा, पुन्हा मिटा. मग पुढचं चाक उचलून टायरवर वरून दोन बुक्क्या मारा. चाक जागचं हलता कामा नये. साधे नट असतील तर एकच बाजू पूर्ण कसू नका, दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा. आणि आकडा असलेला वॉशर दिसला, तर तो आकडा चिमट्याच्या भोकात अडकला आहे ना, ते बघा. नट सैल झाला तरी चाक लगेच निसटू नये म्हणून तो दिलेला असतो.

इथेच असताना चिमटाही बघून घ्या. घरी जोडलेल्या सायकलींत तो कधीकधी उलटा बसलेला असतो. चिमट्याचा खालचा बाक पुढे असायला हवा. रबराचे ब्रेक असतील तर पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला येतो. डिस्क ब्रेक असेल, म्हणजे चाकाच्या मधोमध ब्रेकची धातूची चकती असेल, तर ती बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला येते. उलट्या चिमट्याची सायकल चालते, पण हँडल नीट वागत नाही आणि वळताना पायाची बोटं चाकाला लागू शकतात.

[सायकलसमोर उभं राहून]

आता हँडल. पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल दोन्ही हातांनी पिळा. चाक सरळ आणि हँडल तिरकं होत असेल तर स्टेमचे, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट ढिले आहेत. मग हँडलच्या दोन्ही टोकांवर वजन टाका, ते खाली फिरता कामा नये. तिसरी तपासणी अशी: पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढेमागे ढकला. दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवा. तिथे टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यांवर फिरतो ती बेअरिंग, सैल आहे. आधुनिक स्टेममध्ये वरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगचा खेळ काढण्यासाठी असतो, हँडल तो धरत नाही. त्यामुळे आधी बाजूचे दोन बोल्ट ढिले, मग वरचा हलकेच आवळा, टकटक गेली की हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे परत कसा. जुन्या पद्धतीचा, आत खोचायचा स्टेम असेल तर त्यावर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसत असेल तर स्टेम खाली घ्या. सीटच्या दांड्यालाही हाच नियम.

आवळायचं किती? स्टेमवर बारीक अक्षरात बहुधा ५ किंवा ६ न्यूटन मीटर असं लिहिलेलं असतं, हे पिळण्याच्या जोराचं माप. हा जोर मोजणारा टॉर्क पाना असेल तर उत्तमच. नसेल तर हा अंदाज घ्या: १० सेंटीमीटर लांब ॲलन कीच्या टोकाला साधारण ५ किलोचा जोर म्हणजे ५ न्यूटन मीटर. फार नाही हे. अंगातला सगळा जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि कार्बनचा भाग असेल तर तो तडकतो.

पॅडलची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ३५ न्यूटन मीटरच्या आसपास लागतं, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला १८ किलोच्या जवळपास जोर. आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे पाना हातात घेण्याआधी माहीत असू द्या. पॅडलच्या दांडीवर एल किंवा आर कोरलेलं असतं. एल डावं, आर उजवं. दोन्ही पॅडल आवळताना पाना सायकलच्या पुढच्या दिशेने फिरतो, आणि सोडवताना मागच्या. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी द्या. बोटांनी जात नसेल तर पॅडल तिरकं लागलंय किंवा बाजू चुकली आहे. तिथे पान्याने जबरदस्ती केली की स्टीलचं पॅडल ॲल्युमिनियमच्या क्रँकला, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याला, नवे, वाकडे आटे पाडतं. मग काही दिवसांनी चढावर, सगळं वजन पायावर असताना, ते पॅडल निखळून हाती येतं.

[ब्रेकच्या मुठी]

आता ब्रेक, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

सगळ्यात आधी, कोणती मूठ पुढच्या चाकाची ते दाबून बघा. जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे बहुतेक वेळा उजवी मूठ पुढची असते, आणि जिथे उजवीकडून चालते तिथे डावी. पण जोडणाऱ्याने काय केलंय, ते तुमच्या सायकलवरच कळतं. मूठ पूर्ण दाबली तरी हँडलला टेकता कामा नये. टेकत असेल तर केबल ओढून घ्या. ब्रेकचं रबर रिमवरच बसलं पाहिजे. थोडं वर सरकलं तर ते टायर कापतं, खाली घसरलं तर आऱ्यांत जाण्याची भीती. डिस्क असेल तर तिला बोटं लावू नका, हाताचं तेलही तिची पकड घालवतं. आणि नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाही. मोकळ्या जागी मध्यम वेगाने जा, एकेक ब्रेक वेगळा, न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत आणा. असं वीसेक वेळा केलं की पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात.

पुढच्या ब्रेकची भीती खूप जणांना असते. लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील. या भीतीत तथ्य आहे. सायकल जोरात थांबवली की वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. पण त्यामुळेच मागचं चाक लवकर घसरतं आणि फारसं थांबवू शकत नाही. खरं थांबणं पुढच्या चाकावर होतं. पूर्वीच्या, पुढे प्रचंड चाक असलेल्या सायकलींत माणूस जवळपास त्या चाकाच्या डोक्यावर बसायचा आणि छोट्या अडथळ्यानेही तोंडावर पडायचा. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर आली, माणूस दोन जवळपास सारख्या चाकांच्या मध्ये, खाली बसू लागला, आणि या घडणीला 'सेफ्टी बायसिकल' म्हणू लागले. आज आपण तीच घडण चालवतो.

आकड्यांत सांगते. कोरड्या रस्त्यावर, नीट ब्रेक लावून, सायकल गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या त्वरणाने थांबू शकते. ताशी २० किलोमीटरला ब्रेक लावल्यापासून सुमारे ३ मीटर. ताशी ३० ला ७ मीटर. वेग दीडपट, अंतर दुपटीहून जास्त. शिवाय धोका दिसून बोटं दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर ३० च्या वेगात त्या सेकंदातच ८ मीटर मागे पडतात. फक्त मागचा ब्रेक वापरलात तर थांबायचं अंतर जवळपास दुप्पट धरा.

म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत, आणि दाबताना कंबर सीटवर मागे, हात ताठ. मागचं चाक घसरायला लागलं की पुढचा किंचित सोडा. हे रिकाम्या मैदानात शिकून घ्या, वाहतुकीत नाही. पावसात रबराचा ब्रेक आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग पकडतो, तेव्हा ब्रेक लवकर लावायला घ्या. आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको.

[सीटशेजारी]

सीटची उंची. पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न झुकता. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. आकड्याने मोजायचं असेल तर पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३, हे क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ८० सेंटीमीटरला ते साडेसत्तरच्या आसपास येतं. सीट बुटकी असली की सारा ताण गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला जातो. नवशिक्यांना पाय जमिनीवर पूर्ण टेकायला हवे असतात, हे मला समजतं. तसं असेल तर पहिले काही दिवस खाली ठेवा आणि मग थोडी थोडी वर घ्या. मूल असेल तर सवय होईपर्यंत पाय टेकलेच पाहिजेत. आणि 'पुढे वाढेल' म्हणून मोठी सायकल मुलाला देऊ नका. मूठ बोटांच्या आवाक्यात नसेल तर त्या सायकलला ब्रेक नाही असंच समजा.

हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत भरा. वजनदार माणसाने वरच्या बाजूला, हलक्याने खालच्या. रबरातून हवा आपोआप जिरते, म्हणून काही दिवसांनी पंप लागतोच.

गिअरची तपासणी चाक हवेत उचलून. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन न्या आणि पॅडल फिरवा. चेन त्याच्या पलीकडे, आऱ्यांत उतरू पाहत असेल तर त्या दिवशी सायकल चालवू नका. आधी चेन किती पलीकडे जाईल ते ठरवणारा मर्यादेचा स्क्रू नीट करून घ्या, कारण आऱ्यांत गेलेली चेन मागचं चाक जागच्या जागी अडवते. गिअर नुसता खडखडत असेल तर केबलच्या टोकाची गोल चकती अर्धा फेरा फिरवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

दिवे आणि घंटी. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारात सायकलसाठी ब्रेक, घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा आणि मागे लाल दिवा अशी यादी आहे. रिफ्लेक्टर दुसऱ्याचा उजेड पडला तरच चमकतो, म्हणून संध्याकाळी दिवा हवाच. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. पट्टे कानाखाली एकत्र येतात, आणि हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकाच पट्टा सैल. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, आतला फोम एकदाच दबतो.

रस्त्यावर सरळ रेषेत चाला. उभ्या गाड्यांच्या दारापासून निदान एक मीटर लांब. गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आतबाहेर करू नका, मागच्याला तुम्ही दिसता आणि नाहीसे होता. मागे वळून बघताना सायकल त्या बाजूला जाते, त्याचा सराव मैदानातच करा. मोठा ट्रक चौकात वळत असेल तर त्याच्या कडेला घुसू नका, चालकाला ती जागा आरशात दिसत नाही. मागे थांबा.

[पुन्हा पान्यांकडे]

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हेच पाने परत काढा. स्टेम, सीट, पॅडल, चाकाचे नट. ब्रेकची मूठ आता जरा जास्त आत जात असेल, केबल ओढून घ्या. आरे जोडीने चिमटीत दाबून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा लुळा लागला तर चाक मेकॅनिककडे न्या. आणि क्रँकचा बोल्ट तर विसरूच नका. पायाखालून प्रत्येक फेऱ्याला एकच कट्ट असा आवाज आला तर तिथेच उतरा आणि सायकल हाताने ढकलत घरी आणा. ढिल्या क्रँकवर मारलेल्या प्रत्येक पॅडलने त्याचं चौकोनी भोक थोडं गोल होतं, आणि एकदा गोल झालं की कितीही आवळा, तो क्रँक बदलावाच लागतो.