६० अश्वशक्ती पुरतात

(फोंडा येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, आणि रविवारची दुपारची झोप सोडून येथे आलेल्या रसिकहो,

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर असे छापले आहे की, स्वस्त, जुनी आणि बेताच्या ताकदीची स्पोर्ट्स गाडी गोव्याच्या रस्त्यांवर महागड्या नव्या गाडीपेक्षा अधिक आनंद देते, हे वक्ते गणिताने सिद्ध करतील. ते मी करणार आहे. मात्र आनंद घेण्यासाठी गाडी आधी चालू स्थितीत असावी लागते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तेवढी एक अट पूर्ण करण्यात आयुष्याचा बराच भाग जातो. म्हणून थोडे दुरुस्तीविषयी बोलतो आणि मग गणिताकडे वळतो.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. सभागृहातील तरुणांपैकी काहींनी हे नावही ऐकले नसेल, आणि त्याचे मला गोमंतकीय म्हणून वाईट वाटते, कारण ही गाडी आपल्या गोव्यात तयार होत असे. दोन माणसांची, छत उघडणारी, फायबरग्लासच्या अंगाची ही छोटी गाडी बेंगळुरूच्या एका उद्योगसमूहाने गेल्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणली. तिच्यात रेनॉचे ११४९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे आणि त्याची ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. आजची साधी कौटुंबिक हॅचबॅकही याहून जास्त ताकदीची असते. ‘ही कसली स्पोर्ट्स गाडी?’ हा प्रश्न मला पेट्रोल पंपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र विचारण्यात आला आहे, आणि विचारणारा बहुधा स्वतः इनोव्हातून उतरलेला असतो. येथे कितीजण इनोव्हातून आले आहेत, हे मी विचारणार नाही. व्याख्यानमालेचे देणगीदारही त्यांच्यातच बसलेले असण्याची शक्यता आहे.

इंजिनाची चिंता मला फारशी कधी करावी लागली नाही. तेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत बसवले गेले, त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट असे भाग बाहेरून का होईना, पण मिळतात. गाडी बनवणारे थांबले तरी इंजिन बनवणाऱ्याचा पसारा मोठा असेल, तर मालकाचे निभावते. जुनी गाडी निवडताना पाहण्याची ही पहिली गोष्ट आहे. खरा प्रश्न येतो तो अंगाचा. दरवाजा, बॉनेट, बंपर यांपैकी काहीही दुकानात मिळत नाही. जे तुटेल ते जोडायचे, एवढाच मार्ग उरतो.

आणि आमचे बॉनेट तुटले. जून महिन्यात, घरासमोरच्या माडावरून नारळ पडून. माड आमचाच, नारळ आमचाच आणि गाडीही आमचीच, त्यामुळे भांडायला शेजारीसुद्धा मिळाला नाही. मात्र गाडीचा सर्वसमावेशक विमा होता, आणि येथून पुढे जे घडले ते मी थोडे सविस्तर सांगणार आहे, कारण ते आपल्यापैकी कोणाच्याही उपयोगी पडू शकते.

विमा कंपनीने पाठवलेल्या सर्वेक्षकांनी बॉनेटवर बोटाने टकटक केले आणि कागदावर ‘प्लास्टिक’ असे लिहिले. प्लास्टिकच्या भागांवर घसारा ५० टक्के, म्हणजे नव्या भागाच्या किमतीतले निम्मे पैसे मालकाच्या खिशातून जाणार. मी त्यांना नम्रपणे सांगितले की, हे प्लास्टिक नसून फायबरग्लास आहे, म्हणजे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या रसायनात बसवलेले काचतंतू. ते म्हणाले, “एकच ना ते.” आता, रसिकहो, पॉलिसीचे कागद वाचणारा माणूस समाजात फारसा प्रिय नसतो, हे मला मान्य आहे, परंतु मी ते वाचलेले होते. भारतातील मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत घसाऱ्याची चार कलमे असतात. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के, काचेवर शून्य, आणि उरलेल्या सर्व भागांवर गाडीच्या वयानुसार चढत जाणारा दर. ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांनी फायबरग्लासला स्वतःची ओळ दिली आहे. मी ती ओळ त्यांना दाखवली.

सर्वेक्षक चष्मा लावून ती ओळ वाचू लागले, आणि क्षणभर मला वाटले की विषय संपला. पण त्यांनी चौथे कलम काढले. गाडी १० वर्षांहून जुनी असल्याने वयाच्या तक्त्याप्रमाणे घसारा ५० टक्केच बसतो, असे त्यांचे म्हणणे पडले. मी पुन्हा कागद पुढे केला. वयाचा तक्ता ‘इतर सर्व भागांसाठी’ आहे, आणि त्या कलमात लाकडी भागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मोटारीच्या लाकडाचीसुद्धा ज्यांनी आठवण ठेवली, त्यांनी फायबरग्लास विसरून ते ‘इतर’मध्ये टाकले असेल, हे कसे मानावे? ‘इतर’ म्हणजे वरच्या तीन कलमांत जे आले नाही ते. फायबरग्लास दुसऱ्या कलमातच येऊन गेले आहे. यावर ते म्हणाले, “साहेबांना विचारावे लागेल.” साहेब पणजीला, पणजीचे साहेब मुंबईला विचारणार, आणि तोवर आमच्या बॉनेटच्या भेगेतून इंजिनावर आषाढ कोसळतो आहे.

अखेरीस ३० टक्के मान्य झाले. तोवर पावसाळा सरला होता. मग १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू होणारी १००० रुपयांची सक्तीची वजावट आली, म्हणजे दाव्यातली मालकाने स्वतः सोसायची रक्कम. तीही नियमाप्रमाणेच होती, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पुढचा पेच पाहा. नवे बॉनेट बाजारात नाहीच, मग ३० टक्के कापायचे कशातून? दुरुस्तीच्या मजुरीला घसारा लागत नाही, फक्त भागांना लागतो. म्हणजे ज्या टक्क्यांसाठी आम्ही पावसाळा खर्ची घातला, ते टक्के लागले एका डबाभर रेझिनला आणि काही मीटर काचतंतूंच्या मॅटला. तरीही मी म्हणेन की तत्त्वाचा प्रश्न होता. अध्यक्ष महोदय हसत आहेत, कारण त्यांचे आयुष्य वकिलीत गेले आहे.

दुरुस्तीचा भाग मात्र अत्यंत सुखद ठरला. गॅरेजवाल्यांनी भेगेत पुट्टी भरून वर रंग मारण्याचा सल्ला दिला होता. पत्र्यावर ते एक वेळ चालते. फायबरग्लासचे पातळ अंग मात्र गाडी चालताना सतत थोडे वाकते आणि पुट्टी वाकत नाही, त्यामुळे त्याच जागी तीच भेग रंगातून पुन्हा वर येते. मग माझ्या लक्षात आले की फायबरग्लास जोडणारे सर्वांत अनुभवी हात गॅरेजांत सापडणार नाहीत, ते किनाऱ्यावर असतात, कारण आपल्या मच्छीमारांच्या पुष्कळ होड्या आज फायबरच्याच आहेत. बॉनेट काढून मी बेतूलला नेले, जेथे साळ नदी समुद्राला मिळते.

तेथल्या मेस्ताने, म्हणजे होड्यांच्या कारागिराने, पहिली गोष्ट केली ती म्हणजे भेग आणखी मोठी केली. माझा जीव वरखाली होत होता, पण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना घासून लांबट उतार करायचा. होडीच्या कामात हा उतार जाडीच्या बारापट रुंद धरतात, म्हणजे नवा थर जुन्यावर पुरेशा क्षेत्रावर चिकटतो आणि ताण एका रेषेत साठत नाही. मागच्या बाजूनेही घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, रेझिनमध्ये भिजवलेली मॅट थरावर थर बसवायची आणि रोलर फिरवून आतले हवेचे बुडबुडे काढायचे. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे द्रव्य, रेझिनच्या एक ते दोन टक्के. कमी पडला तर थर चिकट राहतो; जास्त झाला तर मिश्रण डब्यातच तापून घट्ट होते. हवेत दमटपणा फार असेल, तर रेझिन नीट पिकत नाही, त्यामुळे हे काम पावसाळ्यात करू नये. विमा कंपनीने लावलेला विलंब या एका कारणाने उपकारक ठरला, हे मी त्यांना अजून कळवलेले नाही. काम संपल्यावर मेस्त म्हणाला, “बाब, म्हजी होडी दर्यांत वता, तुमची गाडी पावसांतूय वचना!” म्हणजे त्याची होडी समुद्रात जाते आणि माझी गाडी पावसातही जात नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ते बॉनेट आजही त्या जागी तडकलेले नाही.

फायबरच्या गाडीचा आणखी एक स्वभाव सांगतो. पत्र्याच्या गाडीत वीज बॅटरीकडे परत जाते ती अंगातूनच. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते, आणि ती कोठेतरी सांगाड्याच्या लोखंडाला बोल्टने जोडलेली असते. आपल्या खाऱ्या हवेत तो जोड गंजतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो, आणि मालकाला वाटते की गाडीला झपाटले आहे. अशा वेळी वायरिंग बदलू नये, इलेक्ट्रिशियनही बदलू नये. या परतीच्या वायरचे, म्हणजे अर्थिंगचे, बोल्ट सोडावेत, सँडपेपरने घासून धातू चकचकीत करावा, पुन्हा आवळावेत आणि वरून ग्रीस लावावे. हे काम पाना धरता येणाऱ्या कोणालाही जमते, आणि खर्च सँडपेपरचा.

संयोजकांकडून चिठ्ठी आली आहे. जत्रेच्या नाटकाच्या तालमीसाठी हे सभागृह सहा वाजता लागणार आहे आणि नटमंडळी दारात उभी आहेत. गोव्यात व्याख्यानाने नाटकाला वाट द्यावी, हा रिवाज मला मान्य आहे. त्यामुळे जे सिद्ध करण्याचे आश्वासन दिले होते ते आता घाईने सिद्ध करतो.

घाटातले एक वळण घ्या, चोर्ल्याचे किंवा अनमोडचे, आणि त्याची त्रिज्या ३० मीटर धरा. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की गाडीला बाजूने लागणारे त्वरण मिळते. ताशी ४० किलोमीटर वेगाला ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४२ टक्के येते, आणि शेजारी बसलेली व्यक्ती दाराचा दांडा धरते. ताशी ६० ला ते ९४ टक्क्यांवर जाते, आणि तेथे साध्या टायरची पकड संपते. या सूत्रात अश्वशक्तीला जागाच नाही. गाडी ६० अश्वशक्तीची असो वा ३०० ची, वळणाची मर्यादा टायर ठरवतात. गोव्यात सरळ मोकळा रस्ता तो किती, आणि असलाच तरी त्यावर कायद्याने, गुरांनी व पर्यटकांनी घातलेली मर्यादा आहेच. ३०० अश्वशक्तीचा मालक आपल्या गाडीचा पाचवा हिस्सा वापरून घरी जातो. मी दुसऱ्या गिअरमध्ये माझे इंजिन बरेच वर नेतो आणि तरीही कायद्याच्या आत असतो. शिवाय आसन रस्त्याच्या इतके जवळ की डोळ्यांना ४० चे ६० भासतात. हा भास फुकट मिळतो.

यातून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. इंजिनाची ताकद वाढवण्यावर एक रुपयाही घालू नये. पहिला पैसा टायरवर: टायरच्या कडेवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होऊन पकड सोडते. दुसरा ब्रेकवर: ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाट उतरताना ते उकळले की पेडल तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे. तिसरा पेट्रोलच्या नळ्यांवर: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात.

कागदपत्रांविषयी एकच. खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनी तंदुरुस्तीची तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. पूर्वी मोटारीला ६०० रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून ५००० झाले, आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर गाडी ५० वर्षांची हवी. तोवर आमच्यासारख्या मधल्या वयाच्या गाड्यांनी जास्त शुल्क भरावे आणि कौतुकाची अपेक्षा ठेवू नये, असा एकंदर भाव आहे. गाडी विकत घेताना रंगावर भाळू नये. जमिनीवर आडवे पडून टॉर्चने खालचा लोखंडी सांगाडा पाहावा. फायबर गंजत नाही, पण त्याच्या आड लोखंड निवांतपणे गंजत असते.

नटमंडळी आता आत आली आहेत, त्यामुळे प्रश्नोत्तरे बाहेर आवारात होतील. गाडी पिंपळाखाली उभी आहे. माडाखाली नाही, हे पाहूनच लावली आहे. ज्यांना आत बसून पाहायचे असेल त्यांनी दार वरच्या कडेला धरून ओढू नये, कडीपाशी धरून उघडावे. वरच्या कडेचे फायबर पातळ आहे, आणि पुन्हा बेतूलला जायला मला आनंदच होईल, पण सर्वेक्षकांना भेटण्याची इच्छा नाही.