खाशाबांच्या हेलसिंकीत अजून एक गडी गाजला होता

नमस्कार मंडळी, साताऱ्यातनं बोलतोय. हेलसिंकी १९५२ म्हटलं की आपल्याकडं एकच नाव निघतं, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, आणि निघायलाच पाहिजे, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल आहे ते. पण त्याच ऑलिम्पिकला ब्राझीलच्या साओ पाउलोचा अदेमार फरेरा दा सिल्वा ट्रिपल जंपमध्ये जे करून गेला, ते पण आपल्या पोरांना माहिती पाहिजे असं मला मनापासनं वाटतं.

आधी ट्रिपल जंप समजून घेऊ. पळत यायचं, बोर्डवरनं उडायचं आणि त्याच पायावर उतरायचं, म्हणजे लंगडीच, फक्त फुल स्पीडमध्ये. मग दुसऱ्या पायावर, आणि तिथनं थेट वाळूत. खरी मेख मधल्या उडीत आहे बघा. पहिली उडी जोशात उंच मारली की उतरताना वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो, गुडघा दबतो, स्पीड मरतो आणि मधली उडी नुसती टांग टाकल्यासारखी होते. शाहू स्टेडियमवर शाळेच्या स्पर्धा लागल्या की जाऊन बघा, चांगली चांगली पोरं तिथंच मार खातात.

आता अदेमार. १९४८ ला लंडनला गेला, मेडल नाही. आपले खाशाबा पण तिथं सहावे आलेले. १९५० ला त्यानं १६ मीटर मारून जपानच्या नाओतो ताजिमाचा १९३६ चा वर्ल्ड रेकॉर्ड गाठला, पुढच्या वर्षी १६.०१. आणि हेलसिंकीत? सहा उड्या, त्यातल्या चार या १६.०१ च्या पुढं! एकाच दुपारी! सगळ्यात लांब १६.२२, आणि गोल्ड. एखादी उडी कुणाचीपण लागून जाते हो, पण चार वेळा तिन्ही टप्पे बरोबर बसणं म्हणजे पायात किती ताल असेल विचार करा.

१९५३ ला सोव्हिएतच्या श्चेर्बाकोवनं १६.२३ मारून रेकॉर्ड नेला, फक्त एका सेंटीमीटरनं. अदेमारनं १९५५ ला मेक्सिको सिटीत १६.५६ मारून तो परत आणला, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये १६.३५ वर दुसरं गोल्ड. १९६० च्या रोमला मात्र मेडल आलं नाही.

साओ पाउलो फुटबॉल क्लबच्या लोगोवर दोन सोनेरी तारे आहेत ना, ते त्याच्या १९५२ आणि १९५५ च्या रेकॉर्डसाठी. क्लब फुटबॉलचा, तारे ट्रिपल जंपरचे!

पुढच्या व्हिडिओत आपला हेन्री रेबेलो घेऊ, १९४८ ला लंडनच्या ट्रिपल जंप फायनलला पोचलेला आणि तिथंच मांडीचा स्नायू दुखावलेला.